आपला संघ, आपला पेपर: स्थानिक क्रीडा बातम्यांतल्या झुकत्या मापाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर मी बरीच वर्षं काम केलं. त्या काळात मैदानावर, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतही लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, तेच इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक क्रिकेटची आहेत, त्याला कारण आहे. महाराष्ट्र हे एक राज्य, पण रणजी करंडक या देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेत त्याचे तीन संघ खेळतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. एकाच दैनिकाच्या मुंबई, पुणे आणि नागपूर आवृत्त्यांना त्यामुळे तीन वेगवेगळे ‘आपले’ संघ असतात. झुकतं माप कसं दिलं जातं हे पाहायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

स्थानिक पेपरने स्थानिक संघाची बाजू घेतली तर बिघडलं कुठे?

जागा जास्त दिली तर काहीच बिघडत नाही. नागपूरच्या वाचकाला विदर्भाची बातमी आधी आणि मोठी हवी असते, ती तशी द्यायलाच हवी. सांगलीच्या पेपरात सांगलीची पोरगी पहिल्या पानावर यावी, यात गैर ते काय?

बिघडतं ते पुढे. जिंकलेल्या परक्या संघाच्या शतकवीराचं नाव बातमीतून गळतं. आपल्या संघाच्या हरण्याला खेळपट्टी, नाणेफेक, पंच अशी कारणं सापडतात, आणि समोरच्याने चांगली गोलंदाजी केली हे मात्र कुठेच येत नाही. आपल्या संघटनेने वर्षभर मैदान दुरुस्त केलं नाही, हे बातमीदाराला ठाऊक असून छापलं जात नाही. यात समोरच्या संघाचं फार बिघडत नाही, त्याच्या गावात त्याचा पेपर असतोच. फसतो तो आपला वाचक. त्याने पैसे देऊन पेपर घेतला आणि सामन्यात काय झालं हे त्याला कळलंच नाही.

एकाच सामन्याच्या दोन बातम्या इतक्या वेगळ्या कशा होतात?

मार्च 2024 मधला रणजी अंतिम सामना घ्या. वानखेडेवर मुंबई विरुद्ध विदर्भ, म्हणजे दोन्ही संघ याच राज्याचे. मुंबई पहिल्या डावात 224, त्यातल्या 75 धावा शार्दूल ठाकूरच्या. विदर्भ 105. दुसऱ्या डावात मुशीर खानच्या 136 धावांसह मुंबईच्या 418 आणि विदर्भापुढे 538 धावांचं लक्ष्य. विदर्भाने 368 केल्या, कर्णधार अक्षय वाडकरचं शतक झालं. मुंबई 169 धावांनी जिंकली आणि करंडक 42 व्या वेळी मुंबईत आला.

आता हे आकडे समोर ठेवून दोन प्रामाणिक बातम्या लिहिता येतात. मुंबईची बातमी 42 व्या विजेतेपदापासून सुरू होईल आणि अखेरचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने शेवटचा बळी घेतला तिथे संपेल. नागपूरची बातमी चौथ्या डावातल्या 368 धावांपासून सुरू होईल. 538 चा डोंगर समोर असताना एवढी झुंज देणं ही बातमीच आहे. दोन्ही खऱ्या.

मुंबईच्या बातमीत वाडकरचं शतक एका ओळीतही आलं नाही, किंवा नागपूरच्या बातमीत पहिल्या डावातल्या 105 धावा सहाव्या परिच्छेदात ढकलल्या गेल्या, तर मात्र ती लपवाछपवी झाली. विदर्भाच्या हातून सामना खरा त्या 105 धावांतच गेला होता. सुरुवात कुठून करायची हा आवडीचा भाग आहे. काय वगळायचं यात नियत दिसते.

शीर्षकातल्या शब्दांवरून झुकाव ओळखता येतो का?

येतो, आणि मराठी क्रीडा पानाचे काही ठरलेले शब्द आहेत ते त्यासाठी फार उपयोगी पडतात. आपला संघ जिंकला की तो समोरच्याला लोळवतो, धूळ चारतो, धुव्वा उडवतो. आपला संघ हरला की विजय त्याला हुलकावणी देतो. आपल्याला मिळतं ते ‘उपविजेतेपद’, आणि त्यावर ‘समाधान मानावं लागतं’. समोरचा हरला की ‘लोटांगण’. आपल्या फलंदाजाची ती ‘एकाकी झुंज’, समोरच्याने तशाच धावा केल्या की ‘प्रतिकार’, तोही बहुधा ‘तोकडा’.

क्रियापद कोणाच्या बाजूने आहे तेही पाहा. फेब्रुवारी 2025 मध्ये नागपुरात उपांत्य सामना झाला, विदर्भाने मुंबईला 80 धावांनी हरवलं. त्यात पार्थ रेखडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केलं. ‘एका षटकात मुंबईचे तीन मोहरे गळाले’ असं लिहिलं तर वाटतं की मोहरे आपोआप गळाले, पानगळ झाल्यासारखे. ‘रेखडेने एका षटकात तिघांना टिपलं’ असं लिहिलं की चेंडू कोणी टाकला ते कळतं. डाव ‘गडगडला’ हे क्रियापद मी स्वतः शेकडो वेळा वापरलं असेल. त्यात सोय अशी, की गोलंदाजाचं नाव घ्यावं लागत नाही.

आणि ‘खडूस’. हा शब्द मुंबई क्रिकेटला कौतुकाने लावला जातो. हार न मानणारं, प्रतिस्पर्ध्याला एक इंच न देणारं क्रिकेट. मार्च 2025 मध्ये केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात 37 धावांची आघाडी घेतल्यावर विदर्भ दुसऱ्या डावात खेळतच राहिला, 9 बाद 375 पर्यंत, आणि सामना अनिर्णित राहिल्यावर पहिल्या डावातल्या आघाडीच्या जोरावर करंडक जिंकला. हे खडूसपण नाही तर काय? पण तीच गोष्ट दुसऱ्या संघाने केली की ‘रटाळ’ आणि ‘नकारात्मक’ हे शब्द लेखणीत आपसूक येतात. एखादा गुण आपल्यात असताना त्याला आपण काय म्हणतो आणि दुसऱ्यात दिसला की काय म्हणतो, एवढं तपासलं तरी पुष्कळ उमगतं.

खेळाडू परगावच्या संघातून खेळत असेल तर तो ‘आपला’ कसा?

हा सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न आहे, आणि मला सगळ्यात जास्त टोचणाराही.

डिसेंबर 2022. गोव्यात पर्वरीच्या मैदानावर गोवा विरुद्ध राजस्थान रणजी सामना. मुंबईहून गोव्याच्या संघात गेलेला अर्जुन तेंडुलकर पदार्पणातच 120 धावा करतो. वडिलांनीही 1988 मध्ये रणजी पदार्पणात शतक केलं होतं, त्यामुळे बातमी मोठी होणारच होती. पण त्याच डावात, त्याच्याच जोडीला दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सुयश प्रभुदेसाईने 212 धावा केल्या होत्या. गोव्याचा मुलगा, गोव्याचं मैदान, द्विशतक. त्या दिवशी देशभर किती जणांना त्याचं नाव कळलं? ‘आपला’ म्हणताना आपण गाव पाहत नाही, आडनाव पाहतो, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं.

विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाचंही तसंच. 2017-18 च्या मोसमात इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने करंडक जिंकला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, संघात वसीम जाफर, दोघेही मुंबईच्या मुशीतले. त्यांचा वाटा मोठा होता, यात शंकाच नाही. पण अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने, शतक केलं अक्षय वाडकरने आणि कर्णधार होता फैज फजल. पंडित आणि जाफर यांच्यापाशीच थांबणारी बातमी विदर्भाच्या कष्टांवर मुंबईचा शिक्का मारून मोकळी होते.

तिसरा प्रकार म्हणजे उशिरा जाग आलेला अभिमान. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. नेमबाजी शिकला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, नोकरी रेल्वेत. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्याने कांस्यपदक जिंकलं आणि कोल्हापूर, नाशिक, पुणे, सगळ्यांचा तो सुपुत्र झाला. आनंदच आहे. पण ऑलिम्पिकची जागा त्याने ऑक्टोबर 2022 मध्ये कैरोत मिळवली होती. मधल्या पावणेदोन वर्षांत त्याच्या गावी किती बातमीदार गेले असतील? पदक मिळाल्यावर गावाची कमान, आईचे अश्रू आणि शाळेचा वर्ग दाखवणं सोपं असतं. गोळ्यांचा खर्च कसा भागतो, सरावाला शूटिंग रेंज कुठे मिळते, हे आधी विचारलं असतं तर त्या बातमीचा खेळाडूला काही उपयोग झाला असता.

बातमीदार हे मुद्दाम करतात का?

क्वचित. बहुतेक वेळा बातमी हाती कशी येते यावर सगळं ठरतं.

तालुक्याचा वार्ताहर मानधनावर काम करतो. त्यालाच शेतीची, अपघाताची, ग्रामपंचायतीची बातमीही द्यायची असते. सामना पूर्ण पाहायला त्याला वेळ नसतो. संघटनेचा पदाधिकारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर प्रसिद्धिपत्रक पाठवतो. त्यात उद्घाटन कोणी केलं, व्यासपीठावर कोण होतं, बक्षीस कोणाच्या हस्ते दिलं, ही नावं पूर्ण असतात. हरलेल्या किंवा बाहेरच्या संघाचा धावफलक नसतो. पान सोडायची वेळ झालेली असते. बाहेरगावची डाक आवृत्ती आधी जाते, शहर आवृत्ती नंतर, म्हणून लांबच्या गावाला अर्ध्या सामन्याची बातमी मिळते. उपसंपादक आलेला मजकूर तेवढ्याच जागेत बसवतो आणि कात्री चालते ती शेवटून. शेवटी कोण असतं? समोरचा संघ.

छापील नावाची ओढ किती असते हे सचिन तेंडुलकरने स्वतः सांगितलेल्या एका आठवणीत आहे. त्याच्या शालेय क्रिकेटच्या दिवसांत मुंबईच्या पेपरात नाव यायला 30 धावा लागायच्या. त्याच्या झाल्या होत्या 24. स्कोअररने अवांतर धावांमधल्या सहा त्याच्या खात्यात टाकल्या, आणि त्यानेही ते चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी नाव छापून आलं आणि त्याचे प्रशिक्षक आचरेकर सरांनी त्याला चांगलंच खडसावलं. तो अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता, त्याला दोष नको. पण वहीतला आकडा पेपराच्या नियमाकडे बघून बदलला जातो, हे त्यात स्वच्छ दिसतं. 30 च्या नियमामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता, जागा वाचवायची होती एवढंच.

जाहिरातींचा आणि आयोजकांचा दबाव असतो का?

असतो. आमदार चषक, महापौर चषक अशा स्पर्धा नेत्यांच्या नावाने होतात, त्यांच्या वाढदिवसाला पुरवणी निघते, आणि पुरवणीच्या जाहिराती तोच माणूस देतो. पेपरच स्पर्धेचा माध्यम प्रायोजक असेल तर मैदानावर पाणी नव्हतं, मुलं उन्हात तीन तास ताटकळली, हे छापायचं कोणी? अशा स्पर्धेच्या प्रत्येक बातमीत ‘या स्पर्धेचे आम्ही प्रायोजक आहोत’ ही एक ओळ असली पाहिजे. संघाच्या खर्चाने बातमीदार दौऱ्यावर गेला असेल तर तेही वाचकाला सांगायला हवं. हे सांगितल्याने पेपराची किंमत कमी होत नाही.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये तर दोन्ही संघ गावचेच असतात. तिथे कसला झुकाव?

तिथे तो आणखी बारीक होतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ उतरले की पेठाच्या पेठा ओस पडतात. बातमीदारही कुठल्या तरी पेठेत वाढलेला असतो, त्याच्याही घराच्या गल्लीत कुठला तरी झेंडा लागलेला असतो. मग गोल ‘ऑफसाइड होता की नव्हता’ हे सकाळच्या पेपरात कसं येतं, यावर चहाच्या टपरीवर दिवसभर चर्चा होते. तिथल्या वाचकाला गंडवणं अवघड, कारण निम्म्या वाचकांनी सामना स्वतः पाहिलेला असतो. तिथे चूक होते ती मैदानाबाहेरच्या बातमीत: समर्थकांत हाणामारी झाली की ‘दोन गटांत वाद’ एवढंच लिहायचं आणि गट कोणते हे लिहायचं नाही. एक पेठ दुखावू नये म्हणून सगळ्या गावाला अंधारात ठेवायचं.

आयपीएलचे संघ ‘स्थानिक’ मानायचे का?

ते कंपन्यांच्या मालकीचे संघ आहेत, शहराचं नाव घेऊन खेळतात. पुण्याने हे दोनदा अनुभवलं: 2011 ते 2013 एक संघ, 2016-17 मध्ये दुसरा. 2017 चा अंतिम सामना तर मुंबई विरुद्ध पुणे होता आणि मुंबईने तो एका धावेने जिंकला. पुण्यातल्या कितीतरी घरांत त्या रात्री जेवण झालं नाही. पुढच्या मोसमात तो संघच नव्हता. त्याच काळात महाराष्ट्राचा रणजी संघ मात्र होता. 1939-40 आणि 1940-41 अशी सलग दोन विजेतेपदं प्रा. दि. ब. देवधरांच्या काळात मिळवलेला, भाऊसाहेब निंबाळकरांच्या 1948 मधल्या नाबाद 443 धावांचा हा संघ. 2013-14 मध्ये केदार जाधवने मोसमात 1223 धावा केल्या आणि संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. दोन मोसमांसाठी आलेल्या संघाला पानभर आणि ऐंशी वर्षांच्या संघाला दोन कॉलम, हे माझ्या मनाला कधीच पटलं नाही.

पेपरने उचलून धरलं की निवड होते, हे खरं का?

हा समज फार पसरलेला आहे, विशेषतः मुंबईबाहेर. नाव सतत डोळ्यांसमोर राहिल्याचा फायदा होत असेल, पण पेपर कोणाला कसोटी टोपी देऊ शकत नाहीत. पद्माकर शिवलकर मुंबईचे. प्रथम श्रेणीत 589 बळी, दाराशी सगळे मोठे पेपर, तरी एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी होते. अमोल मुजुमदार रणजी पदार्पणात 260 धावा करूनही भारताकडून कधी खेळला नाही. 2025 मध्ये महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा तो प्रशिक्षक म्हणून मैदानावर होता. मुंबईकर असण्यानेच सगळं होत असतं तर ही दोन नावं वेगळ्या यादीत असती.

बातमीत झुकाव आहे का, हे घरबसल्या कसं तपासायचं?

धावफलक पाहा. रणजीसारख्या स्पर्धांचे पूर्ण धावफलक बीसीसीआयच्या संकेतस्थळावर असतात. समोरच्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू कोण ते शोधा आणि तुमच्या पेपरातल्या बातमीत तो कितव्या परिच्छेदात आला ते बघा. पहिल्या तीनमध्ये असेल तर बातमीदार मैदानावर होता असं समजा. नावच नसेल तर ती बातमी प्रसिद्धिपत्रकावरून लिहिलेली असण्याची शक्यता जास्त. 2024-25 च्या मोसमात विदर्भाच्या हर्ष दुबेने 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम. तुमच्या गावच्या पेपरात त्याला किती जागा मिळाली होती ते आठवून पाहा.

आता संघ आपापल्या बातम्या थेट मोबाइलवर टाकतात. मग पेपर हवा कशाला?

संघाचं स्वतःचं पान संघाबद्दल वाईट कधीच लिहिणार नाही. तेवढ्यासाठी हवा.

माझ्या मुलाचं नाव बातमीत आलं नाही. काय करू?

रागाने फोन करू नका. कार्यालयात दुपारी जा, संध्याकाळी सगळे घाईत असतात. धावफलकाची पंचांनी सही केलेली प्रत द्या, मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसं लिहून द्या. दुरुस्ती मागा, ती छापणं पेपराचं काम आहे. आणि दुसऱ्या संघातल्या मुलाचं नावही राहिलं असेल तर तेही सोबत सांगा. असा पालक मला वर्षातून एखादाच भेटायचा, आणि त्याचं म्हणणं मी कधीही टाळलं नाही.

तुमच्या हातून असं कधी झालं का?

झालं. चौदा वर्षांखालच्या मुलांचा जिल्हा अंतिम सामना होता. शहरातली नावाजलेली शाळा तालुक्याच्या एका शाळेकडून हरली. मी मैदानावर होतो. शहरातल्या कर्णधाराने 41 धावा केल्या, त्याच्या एकाकी झुंजीवर मी बातमी उभी केली, फोटोही त्याचाच. तालुक्याच्या मुलाने सहा बळी घेतले होते, ते शेवटच्या परिच्छेदात होते. रात्री जाहिरात आली, बारा ओळी कापायला सांगितल्या, मी शेवटून कापल्या.

तीन दिवसांनी त्या मुलाचे वडील एसटीने आले. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, हातात घडी घातलेला पेपर. आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, मॅच कोण जिंकलं ते कळतंय यातनं. पण कुणी जिंकून दिली ते नाही.” मी ड्रॉवरमधून त्या दिवशीची वही काढली आणि त्यांना पान दाखवलं. मुलाचं नाव, पुढे 19 धावांत सहा बळी. दुरुस्ती उद्या येईल असं मी सांगितलं, आणि ती आलीही, आठव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. त्यांनी मात्र तिची वाट पाहिली नाही. खिशातून मोबाइल काढला, वही टेबलावर सरळ केली आणि माझ्या अक्षरातल्या त्या ओळीचा फोटो काढून घेतला.